भूल, श्वास आणि नाडी : हैदराबादच्या क्लोरोफॉर्म आयोगाची गोष्ट

१/
ऑक्टोबर १८८९. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील नामवंत औषधशास्त्रज्ञ थॉमस लॉडर ब्रंटन निजामाच्या हैदराबादेत दाखल झाले. ते 'द लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकाचे प्रतिनिधी म्हणून आले होते आणि त्यासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले होते. ज्या प्रश्नासाठी हा खटाटोप चालला होता तो एका ओळीचा होता : क्लोरोफॉर्मची भूल दिलेला माणूस दगावतो, तेव्हा आधी काय थांबते, श्वास की हृदय?

हा धागा त्या प्रश्नाचा, त्याला मिळालेल्या ठाम उत्तराचा आणि त्या उत्तराच्या कक्षेबाहेर राहिलेल्या मृत्यूंचा.

२/
प्रश्न पांडित्याचा वाटतो, पण तो रुग्णाच्या जिवाशी निगडित होता. त्या काळी भूल देणाऱ्याच्या हाती यंत्र असे नव्हते. एक रुमाल, एक बाटली आणि स्वतःची ज्ञानेंद्रिये, एवढेच त्याचे साहित्य. हृदय आधी थांबत असेल, तर बोट सतत नाडीवर हवे. श्वास आधी थांबत असेल, तर नजर छातीवर आणि कान श्वासाच्या आवाजाकडे हवेत; नाडी पाहत बसणे म्हणजे अमूल्य क्षण वाया घालवणे. दोन्हींकडे सारखेच लक्ष देणे एका माणसाला अवघड असे. म्हणून विद्यार्थ्याला काय शिकवायचे, हा वाद जगभर पेटला होता.

३/
थोडे मागे जाऊ. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रुग्णाला ईथरची वाफ हुंगवली आणि शल्यचिकित्सक जॉन कॉलिन्स वॉरन यांनी त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. तोवर शस्त्रक्रिया म्हणजे रुग्णाला बलदंड माणसांनी धरून ठेवणे आणि सर्जनने शक्य तितक्या झपाट्याने हात चालवणे, असाच प्रकार होता. काही महिन्यांतच ईथरची वार्ता जगभर पसरली. १८४७ च्या मार्चमध्ये कलकत्त्यातही ईथर वापरले गेले.

४/
ईथरचे दोषही लवकरच ध्यानात आले. त्याचा वास उग्र, परिणाम सावकाश, शिवाय ते चटकन पेट घेते. दिव्याच्या उजेडात शस्त्रक्रिया होत असताना हे भयावहच होते. त्यातच ईथर साधारण ३५ अंश सेल्सिअसला उकळते. म्हणजे हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात ते बाटलीतूनच उडून जाण्याची भीती. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणले. वास गोडसर, मात्रा थोडी, गुण झटपट आणि आगीचा धोका नाही. हिंदुस्थानात तर ते फारच सोयीचे ठरले.

५/
पुढे तीन महिनेही लोटले नाहीत. २८ जानेवारी १८४८. इंग्लंडच्या उत्तरेस न्यूकॅसलजवळील विनलेटन गावी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी खुर्चीत बसली. कापडावर चमचाभर क्लोरोफॉर्म घेऊन ते तिच्या नाकाशी धरण्यात आले. छेद घेतला गेला, तिने एक झटका दिला आणि पाहता पाहता तिचा चेहरा पांढराफटक पडला. काही मिनिटांत ती गेली. क्लोरोफॉर्मने झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू.

६/
या घटनेतील दोन तपशील ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. काही महिन्यांपूर्वी याच मुलीवर ईथरखाली तशीच शस्त्रक्रिया झाली होती आणि ती सुखरूप पार पडली होती. दुसरे असे की, या खेपेस ती विलक्षण घाबरलेली होती. सारखी रडत होती. तिच्या मृत्यूची चौकशी झाली, शवविच्छेदन झाले, क्लोरोफॉर्मच्या मात्रेची चर्चा झाली. भीतीची नोंद झाली खरी, पण तिला कारणांच्या यादीत स्थान मिळण्यास पुढे साठाहून अधिक वर्षे जावी लागली.

७/
या मृत्यूंचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला जॉन स्नो यांनी. १८५४ च्या कॉलऱ्यात लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा छडा लावणारे, तेच हे स्नो. व्यवसायाने ते भूल देण्यात निष्णात होते. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात त्यांनीच क्लोरोफॉर्म दिले होते. त्यांनी क्लोरोफॉर्मखाली झालेल्या पन्नास मृत्यूंचे वृत्तांत गोळा करून एकेक तपासला. त्यांचे मत असे झाले की, हवेत वाफेचे प्रमाण फार वाढले की हृदयच लकवते. म्हणून त्यांनी वाफेचे प्रमाण मोजून देणारी उपकरणे बनवली. १८५८ मध्ये त्यांचे निधन झाले. क्लोरोफॉर्मवरील त्यांचा ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला.

८/
एडिंबरोचा संप्रदाय याच्या अगदी उलट. तेथील थोर सर्जन जेम्स साइम यांची शिकवण साधी होती : रुमालावर सढळ हाताने क्लोरोफॉर्म घ्या, नाडीकडे मुळीच पाहू नका, केवळ श्वासावर लक्ष ठेवा, श्वास घुरघुरू लागला की जीभ पुढे ओढा. लंडनकरांच्या दृष्टीने हे धाडस होते. एडिंबरोकरांच्या दृष्टीने लंडनकर भित्रे होते आणि भीतीपोटी चुकीच्या जागी बोट ठेवून बसले होते.

९/
निवाडा करण्यासाठी समित्या बसल्या. १८६४ मध्ये लंडनच्या रॉयल मेडिकल अँड चिरुर्जिकल सोसायटीची समिती. पुढे १८८० च्या सुमारास ग्लासगोची समिती. क्लोरोफॉर्म हृदयाला दुबळे करते, असे ग्लासगोच्या प्रयोगांतून दिसले. तथापि एडिंबरोचे शिष्य जगभर विखुरले होते आणि आपापल्या शस्त्रक्रियागृहांत गुरूचा धडा गिरवत होते. त्यांपैकीच एक होते एडवर्ड लॉरी.

१०/
लॉरी हे साइम यांचे शिष्य, इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी. १८८५ मध्ये ते हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले आणि हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख झाले. साइमची पद्धत त्यांनी येथे कसोशीने राबवली आणि आपल्या हातून क्लोरोफॉर्मचे मृत्यू होत नाहीत, असे ते अभिमानाने सांगत. लंडनमध्ये रुग्ण मरतात ते क्लोरोफॉर्मने नव्हे, ते देणाऱ्याची नजर नाडीवर असल्यामुळे, असा त्यांचा रोख होता.

११/
१८८८ मध्ये निजामाच्या पाठबळावर लॉरींनी पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमला. शंभराहून अधिक कुत्र्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरींच्या मतासारखाच : आधी श्वास थांबतो, हृदय त्यानंतर. 'द लॅन्सेट'ने त्यावर शंका घेतली. युरोपातील अनुभव निराळा असताना हैदराबादच्या प्रयोगांवर विसंबून विद्यार्थ्यांना नाडी सोडायला कसे सांगावे? तेव्हा लॉरींनी निजामाकरवी आव्हानच दिले : तुमचा माणूस पाठवा, खर्च आमचा.

१२/
येथे मराठी वाचकाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ज्या राज्याच्या तिजोरीतून हे हजार पौंड निघाले, त्यात आजचा मराठवाडाही होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड या मुलखांचा शेतसारा याच खजिन्यात जमा होई. वैद्यकीय संशोधनाचा इतिहास लंडन-पॅरिस-बॉस्टन असा शिकवला जातो. पण भूलशास्त्रातील त्या काळचा सर्वांत गाजलेला प्रयोग दख्खनमध्ये, दख्खनच्या पैशावर झाला.

१३/
२३ ऑक्टोबर ते १८ डिसेंबर १८८९ असा दुसरा आयोग चालला. लॉरी अध्यक्ष, ब्रंटन, जेराल्ड बॉमफर्ड आणि डॉक्टर रुस्तमजी हे सभासद. या खेपेस नुसत्या डोळ्यांवर भिस्त नव्हती. प्राण्याच्या धमनीला दाबमापक जोडून रक्तदाबाची रेषा फिरत्या पट्टीवर उमटवली जाई. श्वास केव्हा मंदावला आणि रक्तदाब केव्हा कोसळला, हे कागदावर दिसे. त्या काळातील शरीरक्रियाशास्त्राची ही सर्वोत्तम साधने होती.

१४/
डिसेंबरात ब्रंटन यांनी लंडनला तार केली. कुत्रे, घोडे, माकडे, शेळ्या, मांजरे आणि ससे मिळून ४९० प्राणी वापरले होते; त्यांपैकी १२० प्रयोग दाबमापक जोडून केलेले. निर्णय निःसंदिग्ध : धोका आहे तो गुदमरण्याचा किंवा अतिमात्रेचा, हृदयावर थेट धोका मुळीच नाही. १८९० च्या आरंभापासून 'द लॅन्सेट'मध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध होऊ लागला. शेकडो मुक्या जिवांनी त्याची किंमत मोजली होती, हेही येथे नोंदवले पाहिजे.

१५/
यात लबाडी कोठेही नव्हती. ब्रंटन स्वतः आधी हृदयवादी पक्षाकडे झुकलेले होते. हैदराबादेत त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले, मोजले आणि मत बदलले. पुराव्यापुढे आपले मत सोडणे ही शास्त्रज्ञाची मोठीच कसोटी असते आणि ब्रंटन तिला उतरले होते. म्हणूनच ही गोष्ट अवघड आहे. येथे खलनायक शोधू गेल्यास हाती काहीच लागत नाही.

१६/
हैदराबादची शिकवण व्यवहारात टाकाऊही नव्हती. रुग्णाचा श्वासमार्ग मोकळा ठेवा, मान व जबडा सांभाळा, श्वास अडखळताच रुमाल दूर करा, हे आजच्या विद्यार्थ्यालाही पहिल्याच दिवशी सांगितले जाते. ही शिस्त अंगी बाणलेल्यांत एक नाव आवर्जून घ्यावे लागते : रूपाबाई फर्दूनजी.

१७/
रूपाबाई या पारशी युवतीने १८८५ मध्ये हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये प्रवेश घेतला. तेथील पहिल्या पाच विद्यार्थिनींपैकी ती एक. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून पदवीधर झाल्या, म्हणजे हा कोणता काळ होता ते उमगेल. दुसरा आयोग बसला त्याच १८८९ साली रूपाबाई 'हकीम' ही पदवी मिळवून बाहेर पडल्या. भूल देणे हेच त्यांनी आपले कार्य मानले. पुढे १९०९ मध्ये त्या आणखी शिकण्यासाठी एडिंबरोला गेल्या. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. आयोगाच्या गाजावाजात हे काम बहुधा झाकले जाते.

१८/
अहवालानंतर वाद शमला नाही. ॲबर्डीनचे जॉन मॅकविल्यम यांनी प्रयोगांनी दाखवले की, क्लोरोफॉर्मने हृदय सैलावते, फुगते. १८९३ मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी एक कल्पक प्रयोग मांडला : दोन प्राण्यांचे रक्ताभिसरण असे जोडायचे की, क्लोरोफॉर्ममिश्रित रक्त फक्त मेंदूला मिळेल किंवा फक्त हृदयाला. मेंदूला मिळाले, तर रक्तदाब टिकून राही. हृदयाला मिळाले, तर तो घसरे. हृदयावर थेट परिणाम नाही, हे विधान यापुढे टिकणे कठीण होते.

१९/
त्याच १८९३ मध्ये 'द लॅन्सेट'ने आणखी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच भर होता तो रुग्णशय्येच्या दृष्टीने केलेल्या चौकशीवर. पहिल्यांदाच प्रश्न प्रयोगशाळेतून उचलून रुग्णालयांच्या नोंदींपुढे ठेवला गेला. तरीही एक कोडे उरलेच. हॅना ग्रीनरसारखे धडधाकट तरुण रुग्ण, क्षुल्लक शस्त्रक्रियेसाठी आलेले, भूल पुरती चढण्याआधीच एकाएकी का जात? अतिमात्रा म्हणावी, तर मात्रा थोडी. गुदमरले म्हणावे, तर चेहरा निळा न पडता पांढरा.

२०/
कोडे सुटले १९११ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेत. गुडमन लेव्ही यांनी थॉमस लुईस यांच्यासह मांजरांवर प्रयोग केले. मांजराला गाढ भूल असताना ॲड्रिनलिन टोचले, तर सहसा निभावे. भूल हलकी असताना तेच टोचले, तर हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे ठोके विस्कटून नुसती थरथर सुरू होई आणि मृत्यू ओढवे. या थरथरीस वैद्यकात वेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. हृदय हलत असते, पण रक्त पुढे ढकलत नाही.

२१/
आता विनलेटनच्या त्या खुर्चीकडे पाहू. ॲड्रिनलिन हे शरीर स्वतःच निर्माण करते आणि भय, वेदना, झटापट यांच्या प्रसंगी ते रक्तात उसळते. क्लोरोफॉर्म हृदयाला या रसायनाबाबत हळवे करून ठेवते. घाबरलेली मुलगी, अर्धवट भूल आणि त्यात नखावर पडलेली सुरी : तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. तिच्या हृदयात नेमके काय घडले, हे पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते. परंतु लेव्हींच्या शोधाने तसल्या मृत्यूंचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण दिले. आणखी एक कटू गोष्ट अशी की, रुग्ण धडपडू लागताच रुमाल काढून घ्यायचा आणि पुन्हा लावायचा, ही सावधगिरीची समजली जाणारी रीतच घातक ठरत होती.

२२/
मग हैदराबादेत हे का दिसले नाही? एक कारण सरळ आहे. तेथे प्राण्यांचे मृत्यू मुख्यतः क्लोरोफॉर्म देत राहूनच घडवले गेले. त्या वाटेने गेल्यास श्वास आधी थांबतो, हे खरेच आहे. हलक्या भुलीत शस्त्रक्रिया करून पाहण्याचे प्रयोगही झाले होते, पण त्यांत हृदय एकाएकी बंद पडले नाही. ज्या रसायनाने उलगडा व्हायचा, ते शुद्ध स्वरूपात हाती आले १९०१ च्या सुमारास. म्हणजे १८८९ मध्ये योग्य प्रश्न विचारण्यासाठी लागणारा शब्दच उपलब्ध नव्हता.

२३/
दुसरे कारण गणिताचे आहे. क्लोरोफॉर्मचे अकस्मात मृत्यू विरळ होते, हजारो रुग्णांत एखादा. आजचा संख्याशास्त्रज्ञ सांगेल की, पाचशे वेळा एखादी घटना एकदाही घडली नाही, तरी ती प्रत्यक्षात सुमारे १६७ वेळांत एकदा घडणारी असू शकेल, ही शक्यता खात्रीने नाकारता येत नाही. ४९० हा आकडा तारेत भारदस्त दिसतो. परंतु 'मुळीच नाही' हे दोन शब्द पेलण्याइतका तो मोठा नव्हता. इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही हे स्मरणात ठेवावे : दप्तरात एखादी गोष्ट सापडली नाही, म्हणजे ती घडलीच नाही, असे होत नाही.

२४/
यापुढची वाट रुग्णाच्या उशाशी बसून लिहिलेल्या नोंदींनी दाखवली. १८९४ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात अर्नेस्ट कॉडमन आणि हार्वे कुशिंग या दोन तरुणांनी, भूल देत असताना रुग्णाची नाडी ठरावीक अंतराने कागदावर टिपायला आरंभ केला. विद्यार्थिदशेत कुशिंग भूल देत असताना एक रुग्ण दगावला होता. तो घाव त्यांच्या मनातून गेला नव्हता. १९०१ मध्ये इटलीत त्यांनी रिव्हा-रोच्ची यांचे दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन पाहिले आणि ते अमेरिकेत नेले. आज प्रत्येक शस्त्रक्रियेत भरला जाणारा भुलीचा तक्ता त्याच कागदाचा वंशज आहे.

२५/
तक्ते साठत गेले आणि त्यांतून मोजदाद शक्य झाली. १९५४ मध्ये हेन्री बीचर आणि डोनाल्ड टॉड यांनी अमेरिकेतील दहा रुग्णालयांतील १९४८ ते १९५२ या काळातील ५,९९,५४८ भुलींचा आढावा प्रसिद्ध केला. साधारण १,५६० रुग्णांमागे एका मृत्यूत भुलीचा वाटा होता. स्नायू शिथिल करणारी क्युरारेसारखी औषधे वापरलेल्यांत हे प्रमाण ३७० मागे एक, न वापरलेल्यांत २,१०० मागे एक. आकडा हैदराबादच्या हजारपट. तरीही टीकाकारांनी रास्त प्रश्न केला : ही औषधे मुळातच अधिक आजारी रुग्णांना दिली गेली असतील, तर? दोष औषधाचा की रुग्णाच्या अवस्थेचा? संख्या वाढली, तरी तुलना कोणाची कोणाशी, हे विचारावेच लागते.

२६/
आणि भीतीचे काय? १९६३ मध्ये लॉरेन्स एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी त्याच बॉस्टनच्या रुग्णालयातून दाखवले की, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाने रुग्णाला भेटून नीट समजावून सांगितले, तर तो नुसत्या झोपेच्या औषधापेक्षा अधिक शांत राहतो. १९६४ च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात पोटाच्या शस्त्रक्रियेचे ९७ रुग्ण होते. काहींना, नंतर वेदना कशी होईल आणि काय करायचे, हे सविस्तर सांगितले गेले. त्यांना वेदनाशामक अफूजन्य औषधे जवळपास निम्मीच लागली. हॅनाच्या रडण्याकडे ज्या शास्त्राने शतकभर काणाडोळा केला होता, ते शास्त्र आता दोन शब्दांच्या धीराचेही मोजमाप करू लागले होते.

२७/
पुढे जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एक तपासणीयादी तयार केली. रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची जागा, ॲलर्जी, बोटाला ऑक्सिमीटर लावला आहे की नाही. अशा साध्या गोष्टी मोठ्याने उच्चारून खात्री करायची. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. यादी लागू होण्याच्या आधीचे रुग्ण आणि नंतरचे रुग्ण यांची ही तुलना होती. मधल्या काळात इतर काही बदलले असेल का, हा प्रश्न तिलाही विचारला गेला. विचारला जावा, हेच उचित.

२८/
मराठीत 'भूल' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : शुद्ध हरपवणारी गुंगी आणि चूक. हैदराबादच्या आयोगाला दोन्ही अर्थ लागू पडतात, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते अन्यायाचे होईल. लॉरी आणि ब्रंटन यांनी जे पाहिले, ते खरे होते. अतिमात्रेने श्वास आधी थांबतो. चूक झाली ती त्या खऱ्या उत्तराला सर्व मृत्यूंचे उत्तर समजण्यात. त्या आत्मविश्वासापायी श्वासाकडे लक्ष देणारे विद्यार्थी घडले आणि काही जीव वाचले. त्याच आत्मविश्वासापायी हृदयाकडे पाहणे गौण ठरले आणि काही गेलेही असतील. दोन्ही हिशेब एकाच खतावणीत मांडावे लागतात.

२९/
१९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व मांडले. बोटाला लावायचा एक चिमटा. त्यावर एक आकडा नाडीचा, दुसरा रक्तातील ऑक्सिजनचा. श्वास नीट चालला असेल, तरच दुसरा आकडा टिकतो. लंडनचे बोट आणि एडिंबरोची नजर, दोन्ही त्या चिमट्यात सामावली. २०२० च्या महासाथीत महाराष्ट्रातील घराघरांत तो पोहोचला आणि रात्री उठून आईवडिलांच्या बोटाला तो लावून पाहणे कित्येकांच्या अंगवळणी पडले. त्या लहानशा पडद्यावर एकाशेजारी एक उमटलेले ते दोन आकडे पाहताना, त्यांतला आधी कोणता पाहावा यासाठी एके काळी हैदराबादेत तारा, तिजोऱ्या आणि शेकडो प्राण्यांचे जीव खर्ची पडले होते, हे ठाऊक असलेले बरे.

(धागा समाप्त)